चिंचोक्याची खळ

मार्च सरत आला की जालन्याच्या मस्तगडमधल्या आमच्या गल्लीला आंबट वास यायला लागतो. चार-पाच घरी चिंच फोडायला येते. दारापुढं ताडपत्री, ताडपत्रीवर ढीग, ढिगाभोवती बायका, प्रत्येकीपुढं एक दगड आणि हातात लाकडी मोगरी. सकाळी सातपासून ठक ठक सुरू होते ती दुपारी जेवणापुरती थांबते. माझ्या परीक्षा नेमक्या याच दिवसांत असतात. त्यामुळे पुस्तक उघडलं की माझ्या तोंडाला आपोआप पाणी सुटतं. मैत्रिणींना सांगितलं तर त्या हसतात.

परवा माझा भूगोलाचा पेपर आहे, तिसऱ्या वर्षाचा. माणूस आपल्या भोवतालाशी कसं जुळवून घेतो, असं एक प्रकरण त्यात आहे. पहिल्या वर्षीही ते होतं, आता जरा मोठं होऊन परत आलंय. थंड मुलखातली माणसं आखूड हातापायांची असतात, अंगातली ऊब धरून ठेवणारी. उष्ण, कोरड्या मुलखातली लांब हाडांची, सडपातळ. उंच डोंगरावर विरळ हवेत राहणाऱ्यांच्या छात्या रुंद होतात. काही बदल कित्येक पिढ्यांत होतात, काही एकाच माणसाच्या अंगात थोड्या दिवसांत होतात. आणि अंगाला जे जमत नाही ते माणूस कपड्यानं, घरानं, खाण्यानं, रीतीनं भरून काढतो.

मला हे सगळं पाठ आहे. तरी या पानावर आले की मी अडते. वाचलेली ओळ परत वाचते. डोळ्यांपुढं दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा येतो. तो मला नीट सांगता येईल का, ठाऊक नाही. त्यात मोठं असं काही घडलं नाही. एक घोंगडी धुतली गेली. ती मी धुतली.

आम्ही मेंढ्यांमागची माणसं. पिंपळगाव रेणुकाईच्या पुढं आमची वस्ती आहे, पण माझे वडील, आबा, तिथं पावसाळ्यापुरतेच असायचे. दिवाळी झाली की आबा आणि किसनकाका, माझे चुलते, दोघांच्या मेंढ्या एकत्र करून निघायचे ते अंबड तालुक्यात, वडीगोद्रीच्या अंगाला. तिथले शेतकरी पिकं निघालेल्या रानात मेंढ्या बसवून घेतात, लेंडीखतासाठी. आज या रानात, परवा त्या. पाऊस जवळ आला की परत वस्तीवर. मी आत्याजवळ राहून शाळा शिकले. माझ्यासाठी आबा म्हणजे सहा महिने फोनवरचा आवाज, त्या आवाजामागं मेंढ्यांचा कालवा आणि मध्येच ‘हुर्र’ अशी हाळी. ती हाळी मला उद्देशून नसायची, तरी ऐकून बरं वाटायचं.

दोन्ही भावांच्या मेंढ्या एका कळपात असल्या तरी कोणाची कोणती हे कानावरून कळतं. आमची खूण डाव्या कानाच्या टोकाला, त्रिकोणी काप. काकांची उजव्या कानाला, मागच्या बाजूनं एक चीर. कोकरं तीन-चार महिन्यांची झाली की पावसाआधी त्यांचे कान कापतात. त्याला एक रीत आहे आमच्यात. कोकराला खूण त्याची, जो त्या वर्षी कळपामागं चालणार. मेंढी कोणाचीही असो. जो चालणार नाही, त्याच्या जुन्या मेंढ्या त्याच्या राहतात, पण नवीन कोकरं चालणाऱ्याची. ही रीत कोणी लिहून ठेवलेली नाही, आणि तिच्यावरून भांडण झालेलं मी कधी ऐकलेलं नाही.

मी बारावी झाले त्या वर्षी आबांचा उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा. त्याच पावसाळ्यात मला जालन्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि वसतिगृहाच्या यादीत माझं नाव लागलं नाही. दोन्ही गोष्टी एकदमच आल्या. त्यामुळे आबा शहरात नेमके कशासाठी आले, गुडघ्यासाठी की माझ्यासाठी, हे आमच्या घरात कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची.

मेंढ्या काकांच्या हवाली करताना आबा म्हणाले होते, "पुढचा पाऊस लागेपर्यंत बघतो. जमलं तर राहीन, न्हाई तर येतो."

"बघ की," काका म्हणाले. "मी काय तुझ्या मेंढ्या खाऊन राह्यलो का? पण कोकरांचे कान कापायच्या आत सांग. मागून हे चुकलं, ते चुकलं म्हणायचं न्हाई."

म्हणजे आबांना मुदत होती. त्या पावसाआधी ठरवायचं होतं: कळपामागं परत जायचं, की शहरात राहून आपली खूण सोडायची.

आबांना काम मिळालं ते शीतगृहात. शहराबाहेर औद्योगिक वसाहतीकडे मोठमोठी गोदामं आहेत, खिडक्या नसलेली. चिंच, मिरची, गूळ, मोसंबी असा माल तिथं गारव्यात ठेवतात. उन्हाळ्यात आवक फार. बाहेर गाडीतून पोतं पाठीवर घ्यायचं, दोन दारं ओलांडून आत जायचं, थप्पी लावायची, परत बाहेर. बाहेर एप्रिलचं ऊन, पत्र्याच्या शेडखाली श्वास घेणं अवघड. आत चार-पाच अंश. दिवसातून कितीदा तरी हा उंबरा ओलांडायचा.

मी पहिल्यांदा डबा घेऊन गेले तो दिवस मला आठवतो. शेडमध्ये हमाल गंजीफ्राकवर घामाघूम बसलेले, आणि दारातल्या प्लास्टिकच्या पट्ट्या बाजूला सारून आबा बाहेर आले ते डोक्यावरून काळ्या घोंगडीची खोळ घेऊन. अंगातून वाफ निघत होती. भर उन्हाळ्यात पावसात भिजत चाललेला माणूस दिसावा तसे ते दिसत होते. गफूरभाई नावाचे वयस्क हमाल होते, ते ओरडले, "क्या मेंढकेभाऊ, बारिश आ री क्या?" सगळे हसले. आबाही हसले.

मी हसले नाही. मला लाज वाटली. ती लाज इथं लिहायलाच हवी, कारण पुढचं तिच्यातूनच झालं.

आबांची अजून एक सवय होती. दोन दारांच्या मधे एक अरुंद खोलीसारखी जागा होती, बाहेरच्याइतकी गरम नाही, आतल्याइतकी गार नाही. आत जाताना आणि बाहेर येताना आबा तिथं पाठ टेकून थोडा वेळ बसायचे. मेंढ्यांचं तसंच करतात. उन्हातून धापा टाकत आलेला कळप एकदम पाण्यावर सोडत नाहीत. आधी झाडाखाली उभा करतात. मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या राहतात, हळूहळू धाप उतरते, मग पाणी. आबा मला लहानपणापासून शाळेतून आल्या आल्या तांब्याला हात लावू द्यायचे नाहीत. "थांब जरा. अंगाला कळू दे तू कुठं आलीस ते."

तिथल्या सुपरवायझरला हे बसणं कामचुकारपणा वाटायचं. तो तरुण मुलगा होता, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, वाईट नव्हता. वरून त्यालाही कोणी बोलत असणार.

"काका, पोतं ठेवून तिथं काय ध्यान लावून बसता?"

"ध्यान न्हाई साहेब. अंग बराबर करून राह्यलो."

"अंग घरी जाऊन बराबर करा. गाडी उभी हे बाहेर."

आणि एक दिवस माझ्या देखत तो म्हणाला, "आणि हे घोंगडं. मालाला मेंढराचा वास लागंल, पार्टी नाव ठेवंल. जाकीट दिलंय ना आपण? न्हाई तर हे धुऊन तरी आणा. असलं उद्यापासून आत चालणार न्हाई बिलकुल."

जाकीट होतं. सात हमालांत तीन जाकिटं, आलटून पालटून घालायची. आबा घालायचे नाहीत. म्हणायचे, "त्यात घाम तसाच राहतो. आत गेलं की घामाचं बर्फ. लोकर घाम पिते." हे सगळं त्यांनी सुपरवायझरला सांगितलं नाही. ते नुसतं "बरं" म्हणाले. आबांचं ते बरं म्हणणं मला फार लागलं. रानात ते कोणाला असं बरं म्हणत नसत.

त्याच आठवड्यात भूगोलाच्या मॅडमनी आम्हाला एक छोटं काम दिलं होतं. आपल्या परिसरात माणसानं भोवतालाशी कसं जुळवून घेतलंय याचं एक उदाहरण लिहून आणा. मी घोंगडीवर लिहिलं. ‘घोंगडी ही ऊन, पाऊस व थंडी या तिन्ही ऋतूंत उपयोगी पडते. मेंढपाळ समाजाने आपल्या भटक्या जीवनाशी जुळवून घेण्यासाठी तिचा वापर केला.’ सगळं भूतकाळात. मॅडमनी खाली तांबड्या शाईनं लिहिलं, ‘छान. पण स्वतः पाहिलेलं लिहा.’ मला कळेना की मी न पाहिलेलं काय लिहिलंय.

रविवारी आबा जेवून झोपले होते. माय शेजारच्या दारात चिंच फोडायला बसली होती. मी घोंगडी उचलली, नळाखाली नेली. बादलीभर कढत पाणी, दोन मुठी साबणाची पावडर. घासली, आपटली, पिळली. पाणी आधी काळं आलं, मग राखाडी, मग पिठासारखं बुळबुळीत काहीतरी सुटायला लागलं. मला वाटलं किती वर्षांची घाण. मी आणखी पावडर टाकली. ते बुळबुळीत सुटायचं थांबेपर्यंत घासत राहिले. हात सोलवटले, पण मला बरं वाटत होतं. परीक्षेच्या आधी वही नीट आखून ठेवल्यासारखं.

संध्याकाळी दोरीवरची घोंगडी वाळली तेव्हा माय आली. तिनं एक कोपरा हातात घेतला, चुरगाळला, सोडला. तो तसाच लोंबत राहिला.

"पूजे, हे कोणी केलं?"

"मी. ते साहेब म्हणत होते ना, वास येतो म्हणून."

"अगं माय, खळ गेली ना सगळी."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. घोंगडी विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून, टरफलं काढून, दळून, पाण्यात शिजवून. ती खळ धाग्याधाग्यात बसते आणि घोंगडी ताठ होते. ताठ असते म्हणून पाऊस वरच्या वर ओघळून जातो, वारं आत शिरत नाही, खोळ केली तर डोक्यावर आढ्यासारखी उभी राहते. ते बुळबुळीत, जे मी घाण म्हणून काढलं, ती खळ होती. घोंगडीवर पानभर लिहून मी मॅडमकडून छान घेतलं होतं, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

आबा उठून बाहेर आले. त्यांनी घोंगडी हातात घेतली. आटून ती वीतभर आखूड झाली होती. नाकाजवळ नेली, परत खाली केली. मला वाटलं आता बोलतील.

"चादर झाली," एवढंच म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "वास गेला हे खरं."

रागावले असते तर मला सोपं झालं असतं.

पुढचे आठ-दहा दिवस आबांनी जाकीट घातलं. दुसऱ्यांच्या घामानं ओलं झालेलं, आत गेलं की अंगाला चिकटणारं. मधल्या जागेत बसणंही सोडलं. खोकला सुरू झाला, मग ताप. माझा पेपर होता त्या सकाळी ते अंथरुणावर उठून बसले आणि मला म्हणाले, "जा तू. जल्दी जा. उन्हाच्या आत पोच." मी पेपर लिहिला. त्यात प्रश्न होता: शारीरिक आणि सांस्कृतिक जुळवणीतला फरक सांगा. मी चार उदाहरणं दिली, चारही दूरच्या देशांतली.

घरी आले तर दारात वेगळाच वास होता, भाजलेल्या शेंगांसारखा. माय चुलीवर चिंचोके भाजत होती. चिंच फोडणाऱ्या बाईच्या घरी चिंचोक्याला काय तोटा. माझ्या आजोळी घोंगड्या विणायचे, माईला सगळं ठाऊक होतं. तिची बोटं चिंचेनं पांढरी पडून चिरलेली. रेशनच्या दुकानात मशीन तिचा अंगठा ओळखत नाही, चार-चारदा पुसून ठेवावा लागतो. त्याच बोटांनी ती चिंचोक्याची टरफलं सोलत होती. मी शेजारी बसून जात्यावर दळू लागले. तिनं नुसतं सूप माझ्याकडं सरकवलं.

पातेल्यात खळ शिजायला लागली तेव्हा तिनं आत हाक दिली.

"अहो, ऐकलं का? दाट करू का पातळ?"

मला आधी हा साधा प्रश्न वाटला. मग माईनं हळू आवाजात सांगितलं. पावसात, रानात वापरायची घोंगडी असली तर खळ दाट देतात. ताठ, टोचरी, पण पाऊस अडवणारी. घरात पांघरायची असली तर पातळ. मऊ राहते, मानेला घासत नाही. गोदामात पाऊस थोडाच पडतो.

म्हणजे माय विचारत होती, जाणार का राहणार.

आतून आधी फक्त खोकला. मी पातेल्याकडं बघत राहिले. बुडबुडे येत होते, फुटत होते. मला काय ऐकायचं होतं ते मला सांगता येणार नाही. जाणार म्हणाले असते तर मी आत्याकडं परतले असते, कदाचित कॉलेज सुटलं असतं. राहणार म्हणाले असते तर ते माझ्या माथी बसलं असतं.

"दाट कर," आबा म्हणाले.

माईनं पातेलं आणखी आटवलं. दुसऱ्या दिवशी भर उन्हात ताडपत्रीवर घोंगडी पसरून आम्ही दोघींनी कुंच्यानं खळ दिली. संध्याकाळी ती उचलली तर फळीसारखी उभी. आबांनी तिच्यावर बोट वाजवून बघितलं. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

मे सरत आला तेव्हा आबांनी चार दिवसांची सुट्टी काढली. कोकरांचे कान कापायचे होते. माझे पेपर संपले होते, मीही गेले. वडीगोद्रीच्या फाट्यावर उतरलो, हॉटेलं, पंक्चरची दुकानं मागं टाकून आत चालत गेलो. कपाशी निघालेल्या काळ्या रानात कळप बसलेला होता. आबांनी लांबूनच हाळी दिली, आणि काही माना खरंच वर झाल्या. माझ्या मनाचा खेळ असेल. पण आबांचा चेहरा बघून मला वाटलं, झालं. आता हे राहतात इथंच.

"आला का बर्फवाला," काका म्हणाले. "गोरा झालास की रे."

"गारठ्यानं. उतरंल चार दिवसांत."

"आणि ही कॉलेजवाली. ये माय. मेंढरं वळती का अजून का विसरली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा कळप घेऊन निघाले. काका मागं, मी त्यांच्या बरोबर. घोंगडी आबांच्या खांद्यावर, ताठ. गुडघा बरा वाटत होता, निदान ते लंगडत नव्हते. हे तेच रान, तेच ऊन, ज्यात ते वीस-बावीस वर्षं उघड्यावर चालले होते. गुडघ्याचीच काळजी सगळ्यांना होती. अंगाची कोणालाच नव्हती.

अकराच्या सुमारास मला दिसलं की आबांना घाम येत नाहीये. ते चालत होते, पण मध्येच थांबून कळपाकडं बघत होते, जणू मोजतायत. मग एका बांधाशी काठी टेकून उभे राहिले आणि तसेच खाली बसले. काका पळत आले. आम्ही त्यांना लिंबाखाली नेलं, घोंगडी वर धरली, पंचा ओला करून मानेवर ठेवला. कपाळ तापलं होतं.

"काय रे हे," काका म्हणाले. आधी हसून म्हणाले, मग हसणं थांबलं. "उन्हानं? तुला?"

आबांनी पाणी मागितलं. काका तांब्या पुढं करत होते, तर आबांनीच हातानं थांबवलं. थोडा वेळ. मग घोट घेतला.

मला तेव्हा वर्गातलं एक वाक्य आठवलं. मॅडम म्हणाल्या होत्या, उष्णतेशी जुळवून घ्यायला अंगाला थोडे दिवस पुरतात, पण त्या उन्हातून माणूस बाहेर पडला तर अंग तितक्याच लवकर ते विसरतं. मी ते वहीत लिहून घेतलं होतं, खाली रेघही मारली होती. आता ते वाक्य लिंबाखाली डोळे मिटून पडलं होतं. इतके महिने दिवसातून कितीदा तरी गारव्यात जाऊन आलेल्या त्या अंगानं बावीस वर्षांचं ऊन विसरायला घेतलं होतं. पुस्तकात वाळवंटातला माणूस आहे, बर्फातला माणूस आहे. एकाच दिवसात दोन्हीकडं राहणारा माणूस त्यात मला सापडला नाही.

काका म्हणाले, "आठ दिवस ऱ्हा. सकाळ-संध्याकाळ चाल नुसता. अंग येईल वळणावर."

ते खरं होतं. पुस्तकही तेच म्हणतं. आठ-दहा दिवस दिले असते तर जमलं असतं. पण आबांना चारच दिवसांची सुट्टी होती.

संध्याकाळी कान कापायला बसलो. तसा हा पोरांचा आवडता कार्यक्रम. काकांच्या हातात धार लावलेली कात्री. माझ्याजवळ वाटीत हळद आणि तेल, कापल्यावर लावायला. आबा एकेक कोकरू धरून मांडीवर आणत होते. पहिली काही काकांच्या मेंढ्यांची होती, त्यात प्रश्न नव्हता. मग आमच्या एका काळ्या तोंडाच्या मेंढीचं कोकरू आलं. मेंढी बाजूला उभी होती, डाव्या कानाला आमचा काप.

काका कात्री घेऊन थांबले. "बोल. कोणता कान?"

आबांनी कोकराची मान धरली होती. त्यांचा अंगठा कोकराच्या डाव्या कानावर होता. तो तसाच राहिला थोडा वेळ. मग त्यांनी कोकराचं तोंड हळूच फिरवलं आणि उजवा कान काकांच्या पुढं केला.

काका म्हणाले, "दम धर. सकाळी बघू पाहिजे तर."

"काप रे," आबा म्हणाले. "त्याला धरून बसवलंय उगं."

कात्रीचा आवाज अगदी बारीक असतो. कोकरू एकदा ओरडलं. मी हळद लावली. माझ्या बोटाला रक्त लागलं, ऊन ऊन. आबा उठून पुढचं कोकरू आणायला गेले. आमच्या मेंढ्यांची अकरा कोकरं होती त्या वर्षी. अकराही वेळा त्यांनी न विचारता उजवा कान पुढं केला.

परतीच्या गाडीत मला बोलायचं होतं. गुडघ्यामुळं का, उन्हामुळं का, माझ्यामुळं. खिडकीतून गरम वारा येत होता. आबांनी घोंगडी मांडीवर घेतली होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "तुझा निकाल कधी हे?"

"जूनमध्ये."

"मंग झोप आता. तोंड बघ कसं झालंय."

शीतगृहात आबा तीच घोंगडी घेऊन गेले, दाट खळ दिलेली. सुपरवायझरनं हुंगून बघितलं आणि जाऊ दिलं. आतल्या कामाला ती सोयीची नव्हती. वाकलं की मोडायची नाही, मानेला घासायची. मानेवर डाव्या बाजूला त्यांना एक काळसर वण पडला. मी म्हटलं, पातळ खळ द्यायला सांगा. म्हणाले, असू दे. पुढच्या उन्हाळ्यात परत धुतली, या वेळी माईनं, गार पाण्यात. परत तिनं विचारलं, परत आबा म्हणाले, दाट. गोदामात पाऊस पडत नाही हे माईनंही परत सांगितलं नाही. मधल्या जागेत बसणं आबांनी पुन्हा सुरू केलं. गफूरभाईही आता तिथं बसतात, बाकीचेही कोणी कोणी. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करतो.

गेल्या मेमध्ये काकांनी फोन केला. गरज नसताना विचारलं, कोणता कान? आबा म्हणाले, तुझाच. मग दोघं पाण्यापावसाचं बोलले. कळपात आमच्या खुणेच्या मेंढ्या आता कमी होत चालल्यात, नवीन एकही नाही. काळ्या तोंडाची अजून आहे म्हणे.

काल दुपारी मी खोलीत वाचत बसले होते. आबांची सुट्टी होती. ऊन फार. आमच्या खोलीत पंखा आहे, तो माझ्यासाठी घेतलेला. आबा त्याच्याखाली कधी बसत नसत, वाऱ्यानं डोकं धरतं म्हणायचे, बाहेर भिंतीच्या सावलीत पडायचे. काल ते आत आले, उंबऱ्यात थोडा वेळ टेकले. मग म्हणाले, "पूजा, जरा पंखा वाढव. जीव घाबरून राह्यला."

मी उठून बटण फिरवलं. ते पंख्याखाली आडवे झाले. बाहेर माय ताडपत्रीवर घोंगडी पसरत होती. चुलीवर पातेलं होतं, भाजलेल्या चिंचोक्याचा वास आत येत होता. मी पुस्तकात बोट ठेवून थांबले, कारण आता प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. दोन वर्षांत त्याचं उत्तर एकच झालं होतं, तरी थांबले.

"अहो," माईनं बाहेरून विचारलं, "दाटच ना?"

आबा छताकडं बघत होते. पंख्याच्या वाऱ्यानं त्यांच्या सदऱ्याची कॉलर हलत होती, तिच्या आड मानेवरचा वण दिसत होता.

"पातळ कर यंदा," ते म्हणाले. "मानेला लागतंय."

बाहेर माईनं पातेल्यात पाणी ओतल्याचं ऐकू आलं. एक तांब्या, आणि जरा थांबून अजून एक.